स्टोची बाग आणि तिचे पाहुणे

इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यात स्टो येथे लॉर्ड कोबम या उमरावाने १७१७ मध्ये ‘न्यू इन’ नावाची सराई बांधली, ती केवळ आपली बाग पाहायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी. खाजगी बागेसाठी सराई बांधणे त्या काळी अपूर्वच होते. १७४४ मध्ये बेंटन सीली या बकिंगहॅमच्या लेखनशिक्षकाने या बागेची माहितीपुस्तिका छापली. एखाद्या इंग्रजी बागेवरची ही पहिलीच मार्गदर्शिका मानली जाते. ती इतकी खपली, की पुढे अनेक दशके तिच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या.

कोबमला प्रेक्षक हवे होते, कारण त्याला काही सांगायचे होते. १७३३ मध्ये अबकारी कराच्या प्रश्नावर पंतप्रधान वॉलपोलला विरोध केल्यामुळे त्याच्या हातून पलटण गेली. त्याचा राग मग बागेत उतरला. वास्तुकार विल्यम केंटने प्राचीन सद्गुणांचे एक डौलदार गोल मंदिर रचले, तर आधुनिक सद्गुणांचे मंदिर त्याच्याजवळच, मुद्दाम पडक्या अवस्थेत बांधले गेले. तिथला मुंडके नसलेला पुतळा वॉलपोलचा, असे लोक समजून चालत. ओढ्यापलीकडे न्यूटन, शेक्सपियर, मिल्टन अशा सोळा थोरांचे अर्धपुतळे एका ओळीत बसवले आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला ‘सिन्योर फिडो’ची स्तुती कोरलेली आहे. वाचणारा एका सत्शील गृहस्थाचे गुण वाचत जातो आणि शेवटी कळते, की हा कुत्रा होता! अशी थट्टा समजायला इतिहास आणि राजकारण ठाऊक असावे लागे. सीलीची पुस्तिका खपली यात नवल नाही.

बागेच्या कडेला कुंपण दिसत नाही. तिथे ‘हा-हा’ नावाचा चर आहे: बागेकडची बाजू उभी, दगडी बांधणीची, तर कुरणाकडची उतरती. गुरे आत येऊ शकत नाहीत आणि नजर मात्र थेट कुरणापर्यंत पोचते. १७४१ मध्ये इथे रुजू झालेला लॅन्सलॉट ब्राउन पुढे मुख्य माळी झाला. बड्या पाहुण्यांना बाग दाखवणे हेही त्याचे काम होते. त्या ओळखी नंतर त्याच्या स्वतंत्र व्यवसायाला उपयोगी पडल्या.

एप्रिल १७८६ मध्ये थॉमस जेफरसन आणि जॉन ॲडम्स हे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले दोघे इथे आले. बागेच्या देखभालीला १५ माणसे आणि १८ मुलगे आहेत, अशी नोंद जेफरसनने केली. भव्य कॉरिंथियन कमान मात्र त्याला निरुपयोगी वाटली. ॲडम्सला मद्यदेव बॅकस आणि व्हीनस यांच्या देवळांची गरजच पटली नाही.

हा थाट कर्जाने संपवला. स्टोचा तेव्हाचा मालक, बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक, याचे दिवाळे निघाले आणि १८४८ मध्ये स्टोच्या वाड्यातील वस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. १९२३ मध्ये वाड्यात शाळा सुरू झाली, ती आजही आहे. बाग १९८९ मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. आधुनिक सद्गुणांचे ते पडके मंदिर आता उरलेले नाही. प्राचीन सद्गुणांचे मात्र उभे आहे.