पाळीची वही

नांदेडला आमच्या घरी पाळीची नोंद ओसरीवर होत असे. आजी 'बाहेर बसली' की गल्लीला कळे. तीन महिने बसली नाही की बायका दिवस मोजायला लागत. माझ्या वेळी हे बसणं उरलं नव्हतं. सोळाव्या वर्षी पाळी चार-चार महिने येईना, तेव्हा मी वहीत तारखा लिहू लागले. लातूरला शिकवणीसाठी राहताना सोनोग्राफी झाली आणि 'पीसीओडी' हा शब्द मिळाला. सोबत फुकटचा सल्ला: लग्न झालं की होईल नीट.

शब्दाचा इतिहास पुढे वाचला. १९३५ साली शिकागोच्या इरविंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकिकत छापली. त्यांनी अंडाशयांची पाचर कापून काढली. सातही जणींची पाळी परतली, दोघींना दिवस राहिले. पुढे कित्येक वर्षं हाच उपचार होता. नाव मात्र चुकलंच. त्या गाठी नव्हेतच, वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटकं. मूळ संप्रेरकांत आणि इन्सुलिनमध्ये. म्हणून तर मधुमेहाचं मेटफॉर्मिन इथे आलं. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलं, तीनपैकी दोन खुणा पुरेत: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त, सोनोग्राफीतलं अंडाशय. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने तर सांगितलं, पहिल्या पाळीपासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून निदान करू नये. म्हणजे माझा लातूरचा कागद आज पुरावा ठरला नसता.

पाळी न येणं ही सुटका वाटते, तशी ती नाही. आतलं अस्तर साचत जातं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कर्करोगाची भीती वाढते. म्हणून ठरावीक महिन्यांनी गोळ्या देऊन पाळी आणावी लागते.

लातूरशेजारच्या बीडमध्ये वेगळाच उपाय रूढ झाला. ऊसतोडीत खाडा झाला की दंड. पाळीची कटकट नको म्हणून पिशवीच काढायची. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९ मध्ये आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. सहा जणींत एक. यांतल्या कितींना नुसत्या गोळ्या पुरल्या असत्या? पाळी बिघडण्यामागे माझ्यासारखाच आजार असेल, तर तो पिशवीसोबत जात नाही. साखर चढायची ती चढतेच.

माझी वही अजून चालू आहे. मागच्या पानांवर आता साखरेचे आकडे असतात.