तांब्याचा पत्रा आणि कर्करोगाची पेशी

कुरुळीच्या शेडमध्ये फायबर लेझरखाली दहा मिलिमीटरचं पोलाद सुतात कापलं जाताना जो रोज पाहतो, तो प्रयोगशाळेत लेझरने कर्करोगाच्या पेशी मारल्याची बातमी वाचून म्हणतो : पोलाद कापणारा किरण पेशीला काय सोडणार? मशीन जास्त ताकदीचं आणा, रोग संपला. माझ्या शेजाऱ्याचंही हेच म्हणणं. त्याच्या गालातली जखम दोन महिने भरलेली नाही आणि ‘आता लेझर येतोय’ म्हणून त्याने बायोप्सी पुढे ढकलली आहे.

हा पूर्वपक्ष त्याच शेडमध्ये कोसळतो. मशीनवर तांब्याचा पत्रा चढवा. ऑपरेटर लगेच सावध होतो. बॅक रिफ्लेक्शन आलं तर लेझरचा सोर्सच जायचा. तांबं पोलादाहून मऊ, किलोवॉट तेवढेच, तरी नाकी नऊ येतात, कारण तांबं तो प्रकाश शोषून न घेता परतवतं. मुद्दा ताकदीचा नाहीच, शोषणाचा आहे.

आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातले अभिजित डे यांच्या गटाने २०१५ साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये मांडलेलं काम याच मुद्द्यावर उभं आहे. लायपोसोम म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यांना सोन्याचा मुलामा दिला. ७५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश रक्त आणि पाणी फारसा अडवत नाहीत, हे सोनं मात्र तो पिऊन तापतं. ज्या पेशीपाशी सोनं, तीच भाजते. शेजारची निरोगी पेशी त्याच प्रकाशात जगते. उंदरांच्या गाठींवर हे करून पाहिलं. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट : काम झाल्यावर हे कण विरघळून यकृत-मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मारण्याइतकाच विचार मागे काय उरेल याचाही केलेला आहे.

मग सोनं टोचा आणि किरण सोडा, असं कोणी म्हणेल. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत पेशींचा एकच थर असतो, प्रत्येकीवर सारखा उजेड. शरीरात हाच प्रकाश सेंटिमीटरभरात क्षीण होतो आणि वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ पुरुषांच्या प्रोस्टेटमधल्या गाठींवर सोन्याचे कण वापरले, तेव्हा प्रकाशाची तार थेट गाठीत खुपसावी लागली. शिवाय गाठ एकाच जागी असली तरच हे. रक्तातून पसरलेल्या पेशीला किरण गाठणार कुठे?

शेजाऱ्याला हे सगळं तांब्याच्या पत्र्यावरून सांगितलं. तो स्वतः मशीनवर असतो, पटकन समजला. सोमवारी त्याची पहिली पाळी सुटली की आम्ही दोघं पिंपरीला वायसीएम रुग्णालयात बायोप्सीचा तुकडा काढायला जातोय.