परमुलखातील अढी : उत्तर युरोपातील अव्होकॅडोचा व्यापार

मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील मूळचे अव्होकॅडोचे झाड कडाक्याचे हिम सोसू शकत नाही, आणि म्हणून ब्रिटन व नेदरलँड्स या देशांत त्याची व्यापारी लागवड होत नाही. तरीही हे फळ तेथील दुकानांत आज बाराही महिने मिळते, आणि स्वतःची बाग नसलेला नेदरलँड्स जगातील प्रमुख अव्होकॅडो निर्यातदारांत गणला जातो. याचे कारण बहुधा बदललेल्या खाद्यरुचीत शोधले जाते, परंतु ते अपुरे आहे. रुची रुजण्यासाठी फळ पिकवण्याचे काम ग्राहकाच्या घरातून व्यापाऱ्याच्या वखारीत यावे लागले, आणि हे काम कसे हलले हाच या व्यापाराच्या इतिहासाचा गाभा आहे.

दालचिनी आणि तमालपत्र यांच्या कुळातील हे फळ झाडावर असेपर्यंत मऊ होत नाही. ते तोडल्यानंतरच पिकू लागते, त्यामुळे बागायतदाराला भाव पाहून तोडणी काही आठवडे, कधी काही महिनेही, लांबवता येते. मात्र पुरेसे जून होण्याआधी तोडलेले फळ पिकण्याऐवजी सुरकुतते आणि त्याचा गर रबरासारखा चिवट राहतो. आंब्याचे भरलेले खांदे पाहून कोकणातील बागायतदार तोडणी ठरवतो. अव्होकॅडोची साल अशी खात्रीची खूण देत नाही. म्हणून गराच्या पातळ चकत्या तोलून, त्यांतील पाणी उष्णतेने पूर्ण उडवून, उरलेला भाग पुन्हा तोलला जातो. या उरलेल्या भागास शुष्कांश म्हणतात, आणि हॅस या जातीसाठी तो किमान २१ टक्के असावा असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. फळात तेल वाढते तसे पाणी घटते, या साध्या संबंधावर ही कसोटी उभी आहे.

ब्रिटनमध्ये युद्धकालीन शिधावाटप १९५४ साली पूर्णपणे संपले आणि त्यानंतरच्या दशकांत परदेशी फळांना मध्यमवर्गीय घरांत हळूहळू वाट मिळाली. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने १९६८ साली अव्होकॅडो विक्रीस ठेवला तो ‘अव्होकॅडो पेअर’, म्हणजे नासपतीचाच एक प्रकार वाटावा अशा नावाने. एका ग्राहक महिलेने तो शिजवून कस्टर्डसोबत वाढला आणि मग तक्रार केली, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. त्यानंतर खाण्याची रीत समजावणारी पत्रके फळासोबत देण्यात आली. सत्तरच्या दशकात अर्ध्या फळाच्या खळग्यात कोळंबी किंवा तेल-व्हिनेगरचे मिश्रण घालून ते जेवणाच्या आरंभी वाढण्याची पद्धत रूढ झाली. पुरवठ्यात इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका यांचा वाटा मोठा होता. इस्रायलचा माल १९५६ साली स्थापन झालेली ॲग्रेक्स्को ही संस्था ‘कार्मेल’ या छापाखाली युरोपात विकत असे. इस्रायलचा हंगाम हिवाळ्यात, तर दक्षिण गोलार्धातील दक्षिण आफ्रिकेचा युरोपच्या वसंत-उन्हाळ्यात येत असल्याने दोन्ही देश मिळून वर्षाचा बराच भाग व्यापत. तरीही दुकानात मिळणारे फळ पुष्कळदा दगडासारखे टणक असे, आणि पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी ते आणून घरात पिकवत ठेवावे लागे.

येथे जातीचा प्रश्न निर्णायक ठरला. त्या काळी फुएर्ते यासारख्या हिरव्या सालीच्या जातींना मान होता, परंतु त्या पिकल्यावरही हिरव्याच राहतात, म्हणून फळ दाबून पाहण्यावाचून ग्राहकाला गत्यंतर नसे आणि दाबलेले फळ आतून डागाळे. कॅलिफोर्नियातील टपाल कर्मचारी रुडॉल्फ हॅस यांनी १९३५ साली पेटंट घेतलेल्या जातीची साल जाड, खडबडीत आणि पिकताना काळपट जांभळी होणारी. ती वाहतुकीचे धक्के सोसते आणि पिकल्याची खूण स्वतःच देते. आरंभी हीच काळी साल युरोपीय ग्राहकाला सडकी वाटत असे. जगभरची हॅसची झाडे कलमांच्या परंपरेने त्या एकाच मूळ झाडापासून आलेली आहेत.

खरा पालट शीतवाहतूक आणि पिकवणगृहे यांनी घडवला. पेरूहून निघालेला कंटेनर सुमारे पाच-सहा अंश सेल्सिअसला ठेवला जातो, त्यातील प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड वाढवलेला असतो, त्यामुळे फळाचा श्वसनवेग मंदावून कित्येक आठवड्यांचा प्रवास ते टणक स्थितीत पार करते. रॉटरडॅमला उतरल्यावर माल पिकवणगृहात जातो. तेथे तापमान अठरा-वीस अंशांपर्यंत चढवून अल्प प्रमाणात इथिलीन, म्हणजे फळे स्वतःही सोडतात तो पिकवणारा वायू, एक-दोन दिवस खेळवला जातो. पंख्यांच्या जोराने हवा प्रत्येक खोक्यातून फिरवली जाते, कारण एका कोपऱ्यातील खोकी मागे राहिली तर सारी खेप असमान पिकते. युरोपीय व्यापारात खोके चार किलोंचे असते आणि त्यात मावणाऱ्या फळांच्या संख्येवरून आकार ओळखला जातो : अठरा नंबरचे फळ साधारण २२० ग्रॅमचे. ‘खाण्यास तयार’ असे लिहून फळ विकणे या व्यवस्थेमुळेच शक्य झाले, आणि त्याची जादा किंमत ग्राहकाने विनातक्रार दिली. नेदरलँड्स अलीकडे वर्षाला तीन लाख टनांहून अधिक अव्होकॅडो आयात करतो व त्यातील बहुतांश जर्मनी, फ्रान्स, स्कँडिनेव्हिया यांकडे पुन्हा पाठवतो. न्हावा शेवाहून निघणारी नाशिकची द्राक्षेही रॉटरडॅम बंदरातूनच युरोपभर वाटली जातात, त्यामुळे या वखारींचे सामर्थ्य मराठी बागायतदाराला परके नाही.

या सामर्थ्याची दुसरी बाजू पिकवणाऱ्या देशांत दिसते. पेरूच्या किनारी वाळवंटात चाविमोचिक योजनेने सांता नदीचे पाणी आणून बागा उभ्या केल्या. चिलीत १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचे हक्क खरेदी-विक्रीयोग्य केले, आणि २०१० नंतरच्या दीर्घ दुष्काळात पेतोर्का खोऱ्यातील डोंगरउतारांवर बागा हिरव्या असताना खालच्या गावांना टँकरच्या पाण्यावर राहावे लागले. टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या व्यापाराने फळाचे तापमान, वायू आणि टणकपणा यांची काटेकोर नोंद ठेवण्याची व्यवस्था उभारली, त्याला पाण्याची नोंद ठेवणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. युरोपीय नियमांनुसार विक्रीस ठेवलेल्या फळासोबत उत्पादक देशाचे नाव द्यावे लागते. बागेला पाणी कोठून मिळाले, हे सांगण्याचे बंधन मात्र त्या नियमांत नाही.