नोकरी कोचची, भांडण मैदानाचं

आज सॉफ्टबॉलबद्दल बोलू. शाळेत हा खेळ खेळलेले काही जण ऐकत असतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: बेसबॉलचं धाकटं भावंड, मैदान लहान, चेंडू मोठा, आणि पिचर चेंडू टाकते ती हात खालून फिरवून. 1887 मध्ये शिकागोत हा खेळ सुरू झाला, तोही चार भिंतींच्या आत. आज अमेरिकेच्या कॉलेजांमध्ये तो मुख्यतः मुलींचा खेळ आहे. पण आपला विषय खेळाडू नाहीत, त्यांच्या कोच आहेत. आणि प्रश्न असा, की जी नोकरी अजून नीट अस्तित्वातच नाही, तिच्यात अख्खं करिअर कसं काढायचं?

1970 च्या आसपासचं चित्र बघा. कॉलेजातल्या मुलींच्या टीमला शिकवायची ती बहुतेक वेळा पीटीची शिक्षिका. दिवसभर तास घ्यायचे आणि संध्याकाळी टीम सांभाळायची. त्याचे वेगळे पैसे मिळालेच तर नाममात्र. मग 1972 मध्ये टायटल नाइन हा कायदा आला. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं सार. मूळ वाक्य फक्त 37 शब्दांचं, आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दच नाही! तरी त्याचा सगळ्यात मोठा दणका बसला तो खेळांनाच.

एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची सगळ्यात ताकदवान संघटना. तिने आधी या कायद्याच्या खेळांवरच्या नियमांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. पण पुढे वारं कुठे वाहतंय ते ओळखून तिने मुलींच्या स्पर्धाही भरवायला घेतल्या. 1982 मध्ये एनसीएएची पहिली सॉफ्टबॉल स्पर्धा झाली आणि ती जिंकली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएने. तोवर मुलींचे खेळ चालवणारी एआयएडब्ल्यू ही बायकांनी उभी केलेली संघटना त्याच सुमाराला बंद पडली.

आता गंमत बघा, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. 1972 मध्ये कॉलेजातल्या मुलींच्या दहापैकी नऊहून जास्त टीमना बाई कोच होती. 2014 पर्यंत हे प्रमाण 43 टक्क्यांच्या आसपास आलं. मुली खेळायला लागल्या लाखोंनी, आणि कोच बायका मात्र प्रमाणाने निम्म्यावर! कारण साधं आहे. पगार आला, नोकरीला मान आला, तसे पुरुषही अर्ज करू लागले. मुलांचा आणि मुलींचा क्रीडा विभाग एक झाला, आणि त्या खुर्चीत बसून नेमणुका करणारेही बहुतेक पुरुषच. उलट दिशेची वाट मात्र उघडली नाही. मुलांच्या टीमला बाई कोच आजही शोधून सापडत नाही.

यात प्रत्येक पुरुष कोचला खलनायक करायचं कारण नाही. माइक कॅन्ड्रिया घ्या. एका ज्युनियर कॉलेजातून ते ॲरिझोना विद्यापीठात आले आणि 1986 ते 2021 पर्यंत तिथेच राहिले. 8 राष्ट्रीय विजेतेपदं, 1,674 विजय. 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांची पत्नी अचानक वारली. तरी ते टीमबरोबर गेले. त्या टीमने सुवर्णपदक जिंकलं, आणि अख्ख्या स्पर्धेत 51 रन करून फक्त 1 रन दिला. माणूस मोठाच. पण खेळायला चांगलं मैदान मिळावं म्हणून आधी कोर्टाची पायरी चढायची वेळ ज्यांच्यावर आली, त्या लोकांची गोष्ट वेगळी आहे.

कॅरोल हचिन्स मिशिगन स्टेटमध्ये शिकत होती. सॉफ्टबॉल आणि बास्केटबॉल, दोन्ही खेळायची. 1976 मध्ये तिच्या टीमने सॉफ्टबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण बास्केटबॉलच्या दौऱ्यावर मुलांना जेवणाचा भत्ता जास्त, मुलींना कमी. प्रवास आणि राहण्याची सोय यातही तसाच फरक. 1979 मध्ये खेळाडूंनी विद्यापीठावर केस केली, आणि त्या केसच्या नावातच ‘हचिन्स’ आहे. आपल्याच कॉलेजवर केस करणाऱ्या मुलीला पुढे कॉलेजात कोण नोकरी देणार, असं वाटेल ना? ती 1985 मध्ये मिशिगन विद्यापीठाची मुख्य कोच झाली आणि 2022 पर्यंत राहिली. सगळे मिळून 1,707 विजय. ती निवृत्त झाली तेव्हा कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये तेवढे विजय कुणाचेच नव्हते. मिशिगनमध्ये फेब्रुवारीत मैदानावर बर्फ असतं, त्यामुळे मोसमाची सुरुवात दक्षिणेत फिरून करावी लागते. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या उन्हातल्या टीमना ती कटकट नाही. तरीही 2005 मध्ये मिशिगनने यूसीएलएला हरवलं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या टीमने एनसीएएची ही स्पर्धा जिंकायची ती पहिलीच वेळ.

दुसरी मार्गी राइट. कॅलिफोर्नियाच्या फ्रेझ्नो स्टेटमध्ये 1986 ते 2012. मैदान, बजेट, पगार, प्रत्येक गोष्टीसाठी ती प्रशासनाशी भांडत राहिली. 1998 च्या फायनलमध्ये तिच्या टीमने कॅन्ड्रियांच्या ॲरिझोनाला 1-0 ने हरवलं. म्हणजे मैदानावर सगळं उत्तम. ऑफिसात? 2007 मध्ये त्याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल कोच लिंडी व्हिवास यांना ज्युरीने 58.5 लाख डॉलर मंजूर केले. मुलींच्या हक्कासाठी बोलल्याबद्दल आपल्याला काढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायाधीशांनी पुढे रक्कम कमी केली, निकाल मात्र राहिला. 2008 मध्ये विद्यापीठाने राइटशीही पैसे देऊन समझोता केला. 1,457 विजयांची ही कोच. आज त्या मैदानाला तिचं नाव आहे.

मग सॉफ्टबॉलमध्ये बायका टिकल्या कशा? यूसीएलएकडे बघा. शॅरन बॅकस 1975 मध्ये तिथे कोच झाली. तिच्या हाताखाली खेळलेली सू एन्क्विस्ट आधी तिची असिस्टंट, मग बरोबरीची मुख्य कोच आणि शेवटी एकटी मुख्य कोच झाली. दोघींच्या तालमीत खेळलेली केली इनोये-पेरेझ 2007 पासून मुख्य कोच आहे, आणि तिने 2010 आणि 2019 ची विजेतेपदं आणली. मिशिगनमध्ये हचिन्सनंतर आली तिचीच जुनी खेळाडू बॉनी थॉल. ॲरिझोनात कॅन्ड्रियांनंतर त्यांचीच खेळाडू केटलिन लो. हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी या मुलींना वर्षानुवर्षं असिस्टंट म्हणून जवळ ठेवलं आणि काम शिकवलं. म्हणून खुर्ची रिकामी झाली तेव्हा ‘लायक बाई मिळत नाही’ असं म्हणायची सोयच उरली नाही.

ओक्लाहोमाच्या पॅटी गॅसोचं उदाहरण ताजं आहे. 1995 मध्ये ती तिथे आली तेव्हा टीमचे सामने शहरातल्या सार्वजनिक बागेतल्या मैदानावर व्हायचे. 2024 मध्ये टीमला नवंकोरं स्टेडियम मिळालं, आणि त्याच वर्षी तिने आठवं विजेतेपद जिंकलं, सलग चौथं. आता या नोकरीत पगार आहे, टीव्ही आहे, मान आहे. साहजिकच अर्जही वाढणार.

म्हणून मला वाटतं, या कोचांचा हिशोब नुसत्या विजयांच्या आकड्यांवर करू नये. कायद्याने दार उघडलं. पण आत शिरल्यावर आपल्यामागे कुणाला आत घ्यायचं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते या बायकांनी स्वतःहून केलं, आणि कॅन्ड्रियांनीही. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, क्लबात पुढची जागा रिकामी होईल तेव्हा तिथे बसायला कोण तयार आहे, आणि त्यांना तयार कोण करतंय, हे जरा बघा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!