नाट्यपद : रंगमंचीय व एकल संवादिनीरूप
मराठी संगीत नाटकातील पदाची साथीसह गायलेली व केवळ संवादिनीवर वाजवलेली रूपे. संगीत नाटकाची परंपरा किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून (१८८०) दृढ झाली. ‘मानापमान’चे (१९११) संगीतकार गोविंदराव टेंबे स्वतः एकल संवादिनीवादक होते (पहा : टेंबे, गोविंदराव), पुढे गोविंदराव पटवर्धनांनी एकल नाट्यपदवादन लोकप्रिय केले. पायाने भाता चालणाऱ्या ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे राहतात. हातपेटीत एक हात भात्यावर गुंततो. सारंगी गळ्याची मींड जशीच्या तशी उचलते (पहा : सारंगी). संवादिनीचे स्वर सुटे असल्याने मींडेचा केवळ आभास, तोही कणस्वर व भात्याच्या दाबातून. शब्दांची फेक पट्टी नेमकी केव्हा सोडली यावरून कळते. वादकाची खरी कसोटी इथेच. एकल रूपामुळे चाली नाट्यप्रसंगापासून सुटून मैफलीत स्थिरावल्या (पहा : नाट्यसंगीत).