चित्रफितीपासून प्रवाहापर्यंत: घरात आलेला पडदा आणि हरवणारी रिळे

आज गडकोट आणि ताम्रपट क्षणभर बाजूला ठेवूया. ज्या ओटीटी मंचांपायी आपण रात्री जागवतो, त्यांचा पूर्वेतिहास फारसा जुना नाही. तरी इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा एक प्रश्न त्यात दडलेला आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यानंतर कित्येक दशके चित्रपट पाहायचा म्हणजे घराबाहेर पडायचे, हे ठरलेलेच होते. शहरात चित्रपटगृह, जत्रेत तंबूतला पडदा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि चित्रपट घरात आला खरा. परंतु कोणता आणि केव्हा, हे ठरवणार दूरदर्शनच.

ही सत्ता प्रथम हिरावून घेतली ती व्हिडिओ कॅसेटने. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच सुमारास व्हीसीआरही घरोघर शिरू लागला. ज्याला तो विकत घेणे परवडत नसे, तो एका रात्रीपुरता भाड्याने आणी आणि पहाटेपर्यंत तीन-चार चित्रपट उरकी. शेजारीपाजारीही बोलावणे नसताना येऊन बसत. गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट एवढा वाढला की १९८४ साली सरकारला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पुढे केबल आली, सीडी आली. ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे.

नेटफ्लिक्सचा जन्म १९९७ साली कॅलिफोर्नियात झाला. आरंभी ही कंपनी टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवी. थोडक्यात, आपल्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीचीच ही दूरची बहीण! २००७ साली तिने इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यास प्रारंभ केला. भारतात हॉटस्टार २०१५ च्या फेब्रुवारीत, तर नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये अवतरले. पण माझ्या मते खरी क्रांती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झाली. जिओने काही महिने मोफत डेटा दिला, दरयुद्ध पेटले आणि तळहातावरचा पडदा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

महासाथीने उरलेली कसर भरून काढली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना टाळे होते. हे मंच नसते, तर तो आपल्यापर्यंत केव्हा पोहोचला असता?

आता त्या प्रश्नाकडे वळू. कॅसेट कितीही झिजलेली असो, ती कपाटात राही. प्रवाहात चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे येतात, पाहून होतात आणि विरतात. आपल्या हाती प्रत येत नाही, केवळ पाहण्याची परवानगी येते. डिस्नीची ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस प्रदर्शित झाली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच्याच मंचावरून ती काढून टाकली.

आपला अनुभव याहून विदारक आहे. ‘आलम आरा’ (१९३१), भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि चौथे तेवढे हाती आहे, आणि तेही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी रिळामागून रीळ शोधून ते उभे केले. जानेवारी २००३ मधील आगीत तिथल्या ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला.

छापील पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. त्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते; मुंबईतील टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकीच एक. पुढे १९५६ साली वृत्तपत्रेही त्या कायद्याच्या कक्षेत आली. चित्रपट आणि वेबमालिका अद्याप त्याबाहेरच आहेत.