क्रीडा-अर्थमीमांसा व प्रोग्रॅमची समतुल्यता

क्रीडा-अर्थमीमांसा म्हणजे दोन प्रोग्रॅम कोणत्याही संदर्भात बसवले तरी सारखेच वागतील का, हे तपासण्याची पद्धत. येथे प्रोग्रॅम व त्याचा भोवताल हे दोन खेळाडू. ‘चलाची किंमत काय?’ ही एक चाल, ‘३’ ही उलटचाल; अशा चालींची मालिका म्हणजे डाव. ‘आयडियलाइज्ड अल्गोल’ भाषेत पूर्ण डावांचे संच एकच असले, की प्रोग्रॅम समतुल्य ठरतात. खरी खुबी अशी, की प्रोग्रॅमच्या पोटातली स्थानिक चले डावात दिसतच नाहीत. रिकर्शन नसलेल्या, सांत डेटाच्या द्वितीय क्रमाच्या उपभाषेत हे संच नियमित भाषा असतात, असे घिका व मॅककस्कर यांनी २००० मध्ये दाखवले. म्हणजे तुलना सांत ऑटोमेटांवर सोपवता येते. तृतीय क्रमाला नियतिवादी पुशडाउन ऑटोमेटा लागतात (ओंग, २००२) आणि त्यांच्या समतुल्यतेविषयीचे सेनिझेर्ग यांचे अवघड निर्णेयता-प्रमेय कामी येते. चतुर्थ क्रमात समतुल्यतेचा प्रश्न अनिर्णेय असल्याचे मुरावस्की यांनी सिद्ध केले.